चार किलो तीनशे

मागच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या
म्हणून खवरेंनी पुढचं तिकीट काढलं,
काढताना तीनदा माझ्याकडं बघितलं.
"बसा आता राजासारखं," म्हणाले,
"पावती तेवढी आणा."

उजळाईवाडीला सकाळी
बॅग यंत्रातून दोनदा गेली.
पडद्यावर काळा गोळा, कडेला एक भोक.
"हे काय?"
"व्हॉल्व्हची बॉडी. ओतीव."
"हत्यार?"
"नाही साहेब, चूक आहे.
दाखवायला चाललोय."
त्यानं ती तळहातावर तोलली,
भोकावर अंगठा ठेवला
(सगळे तिथंच अंगठा ठेवतात)
आणि जाऊ दिलं.

पहिली रांग. पाय लांब केले
तरी समोर काही लागत नाही.
शिरोलीच्या बसमध्ये वाढलेले गुडघे
उगाच काहीतरी शोधत राहिले.
शेजारी एक वकीलबाई,
विमान हलायच्या आधीच झोपलेल्या.
त्यामुळं मुलीनं चिमट्यानं गरम रुमाल दिला तेव्हा
तोंड पुसायचं की हात,
बघून शिकायची सोय नव्हती.
हात पुसले.
पाच बोटं उमटली, राखाडी.
दोन साबण झाले होते सकाळी,
तरी एकवीस वर्षांची वाळू
कुठल्या रेघेतून निघते कोण जाणे.
घडी घातली, काळं आत.
तिच्या ट्रेमध्ये ती सावकाश उलगडली.
मुलगी काही बोलली नाही.
दुसरा रुमाल आणला.

खाली पंचगंगा, मग उसाचे चौकोन,
मग पत्रेच पत्रे.
आमची शेड कुठली, कळेना.
त्यातल्या कुठल्या तरी पत्र्याखाली
हिंदुराव साचे मांडत असणार.
ओतलं त्यानं,
खरं वाळू ओली आहे हे त्यानंच सांगितलं होतं मला,
दुपारी, चहाच्या वेळी,
आणि गाडी दारात उभी होती,
आणि 'ओके'च्या शिक्क्याखाली सही माझी.

चिनीमातीच्या बशीत उपमा आला.
चमचा उलटा करून बघितला,
सवयच आहे.
कड साफ होती. कुणीतरी घासली होती
वेळ देऊन.

बेंगळुरूत बारा मिनिटं.
"फोटो बघितला होता आम्ही," ते म्हणाले.
बॅगची चेन अर्धी उघडलेली, तशीच राहिली.
मग मला का बोलावलं, हे विचारायचं नसतं;
फोटोला मान खाली घालता येत नाही.
कॉफी विचारली. घरचं विचारलं.
पुढच्या लॉटचं बघू म्हणाले,
आणि लिफ्टपर्यंत सोडायला आले.
एकवीस वर्षांत कधी आले नव्हते.
लिफ्टचं दार लागलं तेव्हा समजलं,
पुढचा लॉट नाही.

परतीला तीच खुर्ची, शेजारची मोकळी.
बॅग तिच्यावर ठेवली,
पट्टाही लावला गमतीनं.
"वर ठेवावी लागेल सर." तीच मुलगी.
उचलताना तिचं मनगट वाकलं.
"सकाळपेक्षा जड झालीय का?"
"तेवढीच आहे," म्हटलं. "चार किलो तीनशे."
गरम रुमाल पुन्हा आला.
या वेळी नको म्हणालो.

घरी न जाता रिक्षा शिरोलीकडं वळवली.
वॉचमननं वहीत लिहिलं:
आत, एक नग.
भट्टीपाशी हिंदुराव दुसऱ्या पाळीत थांबला होता,
उगाचच, डबा संपवून.
"वर कसं वाटतंय?"
"पाय कशालाच लागत नाहीत."
तो हसला. मी हसलो नाही, मग तोही थांबला.
"वाळूचं बोलला?"
"न्हाई."
"माझं नाव?"
"सही माझी आहे रे."

त्यानं बॅगेतून बॉडी काढली,
दिव्याकडं न धरता, न फिरवता
भंगाराच्या ढिगावर ठेवली, हळू,
झोपलेलं पोर ठेवावं तशी.
भोकावर अंगठा ठेवला नाही.
बराच वेळ भट्टीच बोलत राहिली.
मग बूट झटकत म्हणाला,
"खायला काय दिलं?"