वरून कीर्तन

इंजिन आलं तेही फेरीबोटीतूनच,
कायतान मेस्त्रीच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली.
फेरीवाल्यानं विचारलं, "आत काय, रेडकू?"
"दीडशे घोडे," कायतान म्हणाला.
चोडणच्या फेरीत पायी माणसाला तिकीट नसतं,
घोड्यांचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

आमची कॉम्बी तेव्हा पडवीसमोर चिऱ्यांवर,
आ वासून,
दंतवैद्याकडे बसलेल्या मामीसारखी.
सव्वादोन लाख किलोमीटर डिझेलवर खोकत गेलेली:
बाबांची पेटी, दोन समया, फणस, गॅसचे सिलिंडर,
आणि एकदा आत्येचं बाळंतपण,
जे डिचोलीच्या हॉस्पिटलाच्या फाटकाशीच उरकलं.

दुसरी मला सापडली बेळगावच्या भंगारात.
हिचीच बहीण, पण शर्यतीच्या रक्ताची;
मागून चेपलेली, पुढून शाबूत.
"मालक स्वतःच्या पायांनी बाहेर आला,"
भंगारवाला म्हणाला, मी न विचारता.
मी विश्वास ठेवला, जसा ठेवतात
पैसे आधीच मोजून झाल्यावर.

तीन महिने ठरवले होते, लागले अकरा.
कायतान नळ्या सोडवी, मी एकेका वायरीला
बँकेतल्या लाल दोऱ्यानं चिठ्ठी बांधी:
ही पंख्याची. ही दाराची. ही कुणाची, देवास ठाऊक.
टाकी उतरली, गिअरबॉक्स बदलला,
माउंटिंगचं एक भोक दोन सूत चुकलं
आणि त्या दोन सुतांनी
चवथीपासून दिवाळीपर्यंतचे सगळे रविवार खाल्ले.

मग आतलं.
मऊ बदामी सीट निघाल्या, अबोलीच्या वळेसरांचे डाग घेऊन,
आणि बसल्या काळ्या, कुशीत धरणाऱ्या, लाल टाक्यांच्या.
एका शिवणीत बोट गेलं तर कुंद्याच्या दुकानाची पावती.
अर्धा किलो. तारीख पुसट.
कुणीतरी घरी गोड घेऊन निघालं होतं.
मी ती होती तिथेच परत सरकवली.

"ह्यात बसायचं की अडकायचं?" आई म्हणाली.
बाबा काही बोलले नाहीत.
जुनी ड्रायव्हरची सीट त्यांनी ओढत पडवीत नेली,
पेटी समोर स्टुलावर ठेवली.
गुडघे हल्ली मांडी घालू देत नाहीत;
भजनाचा सराव आता तिथून.

बाहेरून काहीच बदललं नाही.
तोच राखी रंग, माडाशी झालेल्या भांडणाचा तोच पोचा,
मागच्या काचेवर फिकटलेला ॐ.
आर.टी.ओ.तल्या बाईंनी चष्मा काढून
आधी मला पाहिलं, मग इंजिनाचा नंबर.

चोडणला रस्ता आहे,
पण तिसऱ्या गिअरला पुरेल इतका नाही.
वळण, तळी, वळण, कुत्रं, खाजन, फेरी.

कार्तिकात एकदा पहाटे
बाबांना पणजीला काकड्याला न्यायचं होतं.
फेरीत हँडब्रेक ओढला, इंजिन बंद, दिवे बंद.
दीडशे घोडे मान खाली घालून उभे
एका म्हाताऱ्या डिझेलच्या पाठीवर;
ते खोकत खोकत मांडवी ओलांडत होतं,
थेट आमच्या जुन्यासारखं.
बाबांनी ऐकलं. मीही.

रायबंदरला उतरलो.
पुढे तो सरळ बांध, कडेला खारफुटी, मिठागरं,
समोर एकही दिवा नाही.
दुसरा. तिसरा.
टर्बोची बारीक शीळ,
आणि मागे पेटीच्या भात्यानं
आपणहून एक श्वास घेतला.
बाबांचा हात दारावरची मूठ शोधू लागला.
"वरून कीर्तन..." एवढंच म्हणाले.
पणजी आली, लाज वाटावी इतक्या लवकर.

काकड्याला अजून वीस मिनिटं होती.
बाबांनी घड्याळ पाहिलं, काळ्या सीटमध्ये रेलून बसले,
म्हणाले, "रायबंदरपर्यंत मागे जाऊन येऊ.
टाळ फेरीत राहिले बहुतेक."

टाळ त्यांच्या मांडीवर होते.