शून्य ते दहा

रात्री दीड वाजता मोरीजवळच्या दिव्याखाली
इअरफोन एकाच कानात घालतो. दुसरा बिघडलाय.
बाई म्हणते, आपण आता सुरक्षित आहात.
पुण्याकडची असावी. आपण म्हणजे कोण,
इथं तर मी एकटाच.

शून्य ते दहा, किती त्रास होतोय?
बोट नवावर जातं, घसरतं, आठावर थांबतं.
सगळं खरं सांगायची सवय नाही.

हात छातीवर आडवे ठेवा,
डावा, उजवा, डावा, उजवा, हलके थोपटा.
गोवर निघाला तेव्हा आईनं धाकट्याला असंच थोपटलं होतं.

काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहा.
मर्यादा पाचशे अक्षरं.
लिहिलं: लॅडल कलली. दस्तगीर खाली होता.
क्रेनचं बटण माझ्या हातात होतं.
पुष्कळ अक्षरं उरली.

मग भीतीची शिडी, सोप्याकडून अवघडाकडं.
एक: गॅस स्वतः पेटवणे.
दोन: उद्यमनगरातल्या वेल्डिंगच्या दुकानावरून जाणे,
पलीकडच्या बाजूनं का होईना.
तीन, चार, पाच असंच कायबाय.
सहा: वडणग्यात, मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर
काहील पलटी होताना उभं राहणे.
फोनला गुऱ्हाळ माहीत नाही.
गुऱ्हा एवढं टाइप केलं की तो सुचवतो, गुन्हा.
खोडलं. परत लिहिलं.
परत तेच.

"लांब का हुबा? आत ये की," मेव्हणा म्हणाला.
काहील कलली. वाफ्यात तांबूस, जड, सावकाश
ते उतरत गेलं,
आणि मी सगळ्यांदेखत स्वतःला थोपटत होतो.
"थंडी वाजती व्हय?" गुळव्यानं विचारलं.
व्हय म्हटलं.
दिसणाऱ्या पाच वस्तू मोजा, बाई सांगते.
चिपाडं. फावडं. भेंडीच्या पाण्याची बादली.
झोपलेलं कुत्रं. गुळव्याची अंगठा तुटलेली चप्पल.
मग त्यानं उसाच्या कांडीवर गरम गूळ दिला.
गोड लागला.
त्याचाच राग आला.

बोट सहावर ठेवलं. या खेपेला खरं.
हिरवी खूण उमटली: छान! पायरी पूर्ण.

सातवी मी लिहिलेली नाही.
सदर बाजार, दुसरा मजला, अठरा पायऱ्या,
दगडाच्या, मधे झिजलेल्या.
शमशादभाभीनं दार उघडलं तर काय बोलायचं
ते बाईला विचारायची सोय नाही.
किलोभर गूळ पिशवीत आहे,
आठ दिवस झाले,
सायकलच्या हँडलला.