बादल्या राहिल्या

शनिवारी रात्री व्हर्ना बादलीचं झाकण उघडते.
खारवलेलं गोमांस, पिवळट चरबीच्या कडा,
तळाशी गुलाबी पाणी.
चार तुकडे पातेल्यात भिजत घालते.
निजायच्या आधी पाणी बदलते,
पहाटे तीनला पुन्हा.
तशीही झोप नसतेच.

न्यूफाउंडलंडच्या या खाडीत
आता नऊच घरांतून धूर निघतो.
कॉड संपला, बोटी विकल्या गेल्या,
बादल्या राहिल्या.
एकीत खिळे,
एकीत ऑगस्टमधल्या ब्लूबेरी,
एक उपडी घालून लिअँडर जाळं दुरुस्त करत बसायचा.
तिला कुणी सुलटी केलेली नाही अजून.

डॉक्टर म्हणाला, मीठ बंद.
ती "बरं" म्हणाली, पाद्र्याला म्हणते तसं.
खाल्ल्या मिठाला जागायचं असतं,
हे त्या पोराला कोण सांगणार.

रविवारी मांसाच्याच पाण्यात
कोबी, सलगम, गाजरं, बटाटे,
आणि फडक्यात घट्ट बांधलेली
पिवळ्या वाटाण्यांची पुरचुंडी,
बुडते, वर येते, बुडते.
खिडक्यांवर वाफ धरते,
समुद्र दिसेनासा होतो.
बरंच आहे.

बाराला अल्बर्टाहून सेड्रिकचा फोन.
तेलाच्या खाणीवर, पत्र्याच्या खोलीत
त्याची सकाळ आत्ता कुठे सुरू होतेय.
"काय शिजतंय?"
जसं काही त्याला ठाऊकच नाही.

ती उत्तर देत नाही.
झाकण काढते,
फोन पातेल्याजवळ धरते.

रटरट, रटरट.
हात भाजेपर्यंत.