सप्टेंबरअखेर

बोल्डरचा वारा डोंगरावरून उतरतो तो थेट पार्किंगमध्ये,
सायकली आडव्या करतो.
तळघरातल्या आमच्या टेबलाला, ज्याचे पाय हवेवर तरंगतात,
त्याची खबरही नसते.

तिथे एक उजेड आहे.
म्हणजे, मोजणीयंत्र म्हणतं, आहे.
एकशे अठ्ठेचाळीस नॅनोमीटर.
जांभळ्याच्या पलीकडचा, आणि त्या पलीकडच्याही पलीकडचा.
हवेत आला की हवाच पिऊन टाकते त्याला,
काच त्याला भिंत.
म्हणून त्याच्यासाठी पोलादी नळी, नळीत काही नाही,
आणि ते काही नाही टिकवायला
रात्रंदिवस तीन पंप.
एकाचं बेअरिंग कुरकुरतंय.
युसेबिओ त्यावर तळहात ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

नळीच्या टोकाला स्फटिक, खडीसाखरेच्या खड्याएवढा.
त्यात थोरियम. थोरियमच्या गाभ्यात, अगदी आतल्या खोलीत,
एक दार, जे याच उजेडाला उघडतं.
दाराच्या मापाने उजेडाची लाट बांधायची,
लाटा मोजायच्या, झालं घड्याळ.
विश्वाच्या पहिल्या दिवशी लावलं असतं
तर आजवर एक सेकंदही चुकलं नसतं.
निदान अर्जात तरी.

अर्जात पुढे: पाणबुड्या, उपग्रह, जमिनीखालचं पाणी.
करदात्याला उपयोग काय, कमाल अडीचशे शब्द.
लॉर्ना हॅवरकँप दोनशे एक्केचाळिसाव्यावर थांबते,
चष्मा कपाळावर नेते,
"उरलेल्या नऊ शब्दांत खरं कारण बसेल?"

आम्हाला फक्त बघायचं होतं, ते दार खरंच उघडतं का.

मी टाइप केलं. तिने वाचलं, हसली,
आणि खोडून 'राष्ट्रीय हित' लिहिलं.

माझी आई कराडच्या उपकोषागारात होती.
मार्चअखेरीला रात्री दोनला घरी यायची,
बोटांना शिक्क्याची जांभळी शाई.
एकदा म्हणाली, शिपाई स्टुलावर चढला
आणि भिंतीवरचं घड्याळ अकरा पन्नासला बंद केलं.
बिलं संपेपर्यंत एकतीस तारीखच राहिली.
मला वाटलं, गंमत करतेय.

इथे सप्टेंबरअखेर.
वॉशिंग्टनचं पत्र आलंय:
नव्या प्रकाशस्रोताला तीन वर्षांऐवजी एक,
तेही काँग्रेसने पैसा मोकळा केला तर.
नाही केला. आज तीस तारीख.
बारानंतर इमारतीत थांबणं बेकायदा,
फुकट काम करणंसुद्धा.

झेनॉनची बाटली युसेबिओने बंद केली.
झडपा एकेक आवळल्या,
नळीतलं काही नाही आत कोंडलं,
जमेल तितके दिवस टिकेल म्हणाला.
मी भिंतीकडे पाहिलं. तिथलं घड्याळ रेडिओवर चालतं,
शेजारच्याच इमारतीतून वेळ घेतं.
तरी स्टूल कुठाय ते शोधलं, हे खोटं कशाला सांगू?

अकरा त्रेपन्नला लॉर्नाने लेसर बंद केला.

आणि मोजणीयंत्र थांबलं नाही.
जागे झालेले गाभे लगेच झोपत नाहीत,
या स्फटिकात दहाएक मिनिटं घेतात,
एकेक करून उजेड परत देतात, घेतला तसाच.
टिक्. मग बराच वेळ काही नाही. टिक् टिक्.
आम्हाला पाठ होतं हे. तरी तिघंही खुर्च्या ओढून बसलो.

बारा वाजले. कुणी उठलं नाही.

आई, तुला विचारायचं राहिलं,
बारा वाजून चार मिनिटांनी एक आला,
सहाला दोन,
नऊला पुन्हा एक, आम्ही कोट घातल्यावर.
हे कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवू?