ओला डबा

पोरवालच्या दुकानात मी यादी उलटी वाचते,
खालून वर.
जे शेवटी लिहिलं ते आधी खोडायचं
हे आता त्यालाही पाठ आहे.
खोबऱ्याची वाटी जाते.
मग एक साबण. मग पोह्यांचं दुसरं किलो.
मग तो स्वतःच पेन्सिल थांबवून म्हणतो,
"भाभी, तुवर आधा किलो कर दूँ?
चना दाल मिला लेना, पता नहीं चलता।"

कळतं.
पण ताटावर कुणी बोलत नाही.

शाल्मली हल्ली दुकानात येत नाही.
समोरच्या फुटपाथवर फोन बघत उभी राहते,
पिशवी जड झाली की रस्ता ओलांडते.

पाच हजार दोनशे. पाच माणसं.
एकतीस तारीख असली की मला कॅलेंडरचा राग येतो.
फेब्रुवारी माझी सख्खी बहीण.

हे सियागंजात मुनीम.
दिवसभर दुसऱ्यांचे बदाम वहीत उतरवतात,
मामरा वेगळे, गुरबंदी वेगळे,
आणि संध्याकाळी घरी येतात
ते शर्टाला वेलचीचा वास घेऊन.
निषाद बाहीत नाक खुपसून विचारतो,
आज खीर आहे का?
मी शर्ट भिजत घालते.

गहू मात्र भरलेला असतो.
दिवाळीचा बोनस एप्रिलपर्यंत न मोडता ठेवायचा
आणि छावणीतून वर्षाचा लोकवन आणायचा, शरबती नाही.
कोठीवर तळहात ठेवला
की मे महिन्यातही गार वाटतं.

भाजी रात्री नऊनंतर, मालगंजात,
गाडेवाले ताडपत्री ओढायला लागतात तेव्हा.
वांगी असतील ती घ्यायची, निवडायची नाहीत.
कोथिंबीर फुकट मिळायची ते दिवस गेले,
काड्या मात्र मागितल्या तर देतात.

दोडक्याच्या शिरांची चटणी.
दुधीच्या सालांची, तीळ घालून.
फ्लॉवरचे दांडे आमटीत.
मटारच्या टरफलांचा आतला पापुद्रा सोलून भाजी होते,
नखं दोन दिवस हिरवी राहतात.
काल उरली ती पोळी आज कुस्करा,
आणि मोहरी तडतडली की
घरात पुष्कळ काही शिजतंय असं वाटतं.
आवाजाला पैसे पडत नाहीत.

नानांना पोह्यांवर शेव लागायची, लवंगेची, मूठभर.
मागच्या गुरुवारी म्हणाले,
"डॉक्टरांनी शेव बंद सांगितली आहे मला."
कुठल्या डॉक्टरांनी?
नाना दसऱ्यापासून फाटकाबाहेर पडलेले नाहीत.
मी म्हटलं, "बरं."
त्या पैशात निषादचं दूध पाव लिटर वाढलं.
नाना आता पोह्यांवर नुसतं जिरावण भुरभुरतात,
पुन्हा पुन्हा,
आणि माझ्याकडे बघत नाहीत.

सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची पिवळी गाडी येते.
पूनम खाली उतरते, हातमोजे घालून, घाईत.
शेजारच्या डब्यात अर्धी पपई,
कागदात गुंडाळलेल्या पाच पोळ्या.
(पाच. मी मोजल्या.)
माझा सुका डबा ती ओतते,
ओल्यात डोकावते.
"दीदी, गीला नहीं है? कल भी नहीं था।
खाना नहीं बनाते क्या?"
ती थट्टेने म्हणाली. मीही हसले.
सगळ्यात स्वच्छ शहर म्हणतात या इंदूरला,
मग त्यातला सगळ्यात स्वच्छ डबा
माझाच असणार.

पण दिवसभर ते डोक्यात राहिलं.
भांडी घासताना, शर्ट वाळत घालताना,
खाना नहीं बनाते क्या.

दुसऱ्या दिवशी चहाचा चोथा
दोनदा उकळलेला, पिळलेला,
मी ओल्या डब्यात टाकला. जरा पसरून टाकला.
पूनमने झाकण उघडलं, मान हलवली,
"हाँ, आज बनाया।"

रंगाच्या डब्यातल्या मोगऱ्याच्या वाट्याचा होता तो.
संध्याकाळी पाणी घालताना
मी त्याला म्हटलं, उद्या.