तात्पुरतं

आधी वास आला.
आंबट, ओल्या लाकडाचा, विसरलेल्या फडक्याचा.
मग खालच्या मजल्यावरून त्सिआला आली,
तिच्या छताचा पोपडा बशीत घेऊन,
जणू केकचा तुकडा.
बोलली काहीच नाही. बशी ठेवून गेली.

सिंकखालचं कपाट रिकामं केलं:
आंबट आलुच्यांच्या चटणीच्या सात बाटल्या,
उंदरांचं औषध, एका पायाचा बूट,
आणि ती बादली,
द्राक्षांची तोडणी संपल्यावर तू ठेवून गेलेली,
"वसंतात येतो, तोवर असू दे."
दोन वसंत झाले, मालखाझ.
ती भरते, मी ओतते.

आडवी झाले. पाठीखाली उशी, दातांत टॉर्च.
थेंब दिसतो तिथून गळत नसतं,
हे कळायला अर्धा तास गेला.
तो नळीच्या पाठीवरून चालत येतो,
वाकणापाशी निरागस चेहऱ्याने थांबतो
आणि आळ येतो वाकणावर.
मग सगळं कोरडं पुसलं,
प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळला,
वरून ग्लासभर पाणी सोडलं.
सगळ्यात वरचा कपटा काळा पडला.
सापडलास, म्हटलं.

नट हलेना.
फोन कपाटाच्या दाराला टेकवलेला,
आणि तू पोझ्नानच्या ट्रकतळावरून
"डावीकडे! डावीकडे!"
कोणाची डावी?
मी उताणी आहे, माझं सगळंच उलटं आहे.
शेवटी टॉर्च काढून शिव्या दिल्या,
तुझ्या आईच्या ठेवणीतल्या,
तेव्हा कुठे कुरकुरत फिरला.
कोपरापर्यंत काळं पाणी,
कोथिंबिरीचे देठ, अक्रोडाची कूट.

आत वायसर नव्हताच.
होती ट्रकच्या ट्यूबची चकती,
चाकूने कापलेली, कडा दातेरी,
वरून तांब्याच्या तारेचे तीन वेढे,
आणि तारेचं टोक आत दुमडलेलं,
कोणाच्या हाताला लागू नये म्हणून.
मागच्या फळीवर पेन्सिलीने:
"जानेवारी १९९३. वायसर मिळत नाही.
तात्पुरतं. वाझा."

फोन तिकडे फिरवला.
तू बराच वेळ गप्प.
मग म्हणालास, त्या हिवाळ्यात वीज नव्हती,
मेणबत्ती मी धरली होती.
मेण त्यांच्या मनगटावर सांडलं
तर म्हणाले, हलू नकोस. अजून जवळ आण.

तीस वर्षं.
तुझ्या बहिणीच्या लग्नाची भांडी यावर गेली,
वाझाच्या चाळिसाव्या दिवसाची गेली,
एका गोधडीभर बाळाचं दूध उतू गेलेलं पातेलं गेलं.
काढताना चकती बिस्किटासारखी मोडली.
मोडायचीच होती, कोणी हात लावायची वाट बघत असावी.
तूही पोलंडला तात्पुरताच गेला होतास.
हे मी बोलले नाही.
तोंडात पुन्हा टॉर्च होता.

नवा वायसर, कुताइसीच्या बाजारातला, दोन लारींचा.
उलटा बसवला. गळलं.
सुलटा बसवून जीव खाऊन आवळला. गळलं.
मग पाना बाजूला ठेवला
आणि नुसत्या हाताने फिरवला,
लोणच्याच्या बरणीचं झाकण लावते तितपत.

सिंक काठोकाठ भरून बूच उपसलं.
गडगडत गेलं सगळं,
त्सिआलाच्या भिंतीतून,
खाली, कुठेतरी रिओनीकडे.
प्रत्येक सांध्याखाली बोट फिरवलं.
कोरडं.
पुन्हा फिरवलं.
फळीवरची पेन्सिल पुसली नाही, खाली काही लिहिलंही नाही.

"झालं का?" तू विचारलंस.
तुझ्या मागे कोणीतरी इंजिन सुरू करत होतं.

"नाही," म्हटलं,
"अजून येतोय एक थेंब.
थांब जरा."