सातऱ्यावर गाडी मागं घेताना

उमरेडच्या शोरूममधलं पोट्टं म्हणालं,
हा पाहा भाऊ, गाडीच्या पाठीचा डोळा.
रिव्हर्स टाकला का सारं मागचं समोर दिसते,
हिरवी रेघ, पिवळी रेघ, लाल रेघ.
लाल आली का थांबाचं.
कायदा येऊन राह्यला म्हणे,
सगळ्याच नव्या गाड्यांले लावा लागन.

मी म्हटलं, बापा,
भिवापूरच्या सातऱ्यावर ये एकदा माघात.
तिथं लालशिवाय दुसरं दाखव मले काही.

नजर पुरते तिथवर मिरची वाळत घातलेली,
मधात बाया, तोंडाले फडकं बांधून,
मुक्या खुडत बसलेल्या.
वारा फिरला का अख्खा सातरा खोकलते.
झाड एक नाई.
सावली म्हणजे उभी असलेली गाडी.
तिच्यात येऊन बसते कुत्रं, कोंबडी, पाण्याची कळशी,
अन् निजलेलं लेकरू.

तेव्हा माझा मागचा डोळा होता मुखरू नन्नावरे.
पत्र्यावर दोन थापा : येऊ दे.
एक थाप : थांब.
सोळा वर्षं आमचं बोलणं एवढंच,
बाकी भांडण.

त्या दिवशी मी शिदोरी खाऊन चढलो.
सकाळची सावली उजव्या अंगाले होती,
दुपारी सरकत सरकत मागच्या चाकापाशी गेली,
अन् सावलीच्या मागं मागं
पारबतानं आपली पोरगी सरकवली,
लाल लुगड्यात गुंडाळून.
आरशात मिरचीच होती.
शपथेवर सांगतो, मिरचीच.

मुखरूची थाप आली नाई.
मूठ आली.
पत्र्याले पोचा पडला,
तो गाडी विकतानाही मी काढला नाई.

उतरून पाहिलं, चाक अन् तिच्या पायाच्या मधात
एक वीत. वीतही नाई, चार बोटं.
ती निजलेलीच.
पारबता धावत आली अन् थबकली,
दोन्ही हात अंगापासून दूर धरलेले,
मिरचीचे हात,
लेकराले लावता येत नाईत,
डोळ्याले लावता येत नाईत.
मुखरूनंच उचललं.
ती मले एवढंच म्हणाली,
"पाणी पी. तुले कापरं भरलं."

नव्या गाडीचा डोळा पाहाले मुखरू आला परवा.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा.
मागं उकिडवा बसून भिंगात वाकला,
आत मले त्याचं नाकच नाक दिसलं, हासलो.
मंग तो विचारते,
"अन् चाकाच्या आतलं?
अन् बाजूनं धावत येते ते?"
शोरूमच्या पोट्ट्यानं हे सांगतलं नव्हतं.

डोळा चांगला आहे. नाई म्हणत नाई.
सातऱ्यावर दोन फेऱ्यांत तिखटाच्या धुळीनं भरते,
ओल्या फडक्यानं पुसतो,
लेकराचं नाक पुसतो तसं.
पण चढण्याआधी गाडीभोवती एक चक्कर,
वाकून बुडाखाली पाहतो, गुडघे बोलतात.
रेडिओ बंद, काच खाली,
आपल्याच हातानं पत्र्यावर दोन थापा.
बाया हासतात,
"गाडीले प्रदक्षिणा घालतं का रे भाऊ?"
घालतो.

मंग रिव्हर्स.
पडद्यावर मिरची, मिरची, मिरची,
त्यात एखादं लाल जरा वेगळं वाटलं का
हॅन्डब्रेक ओढून पुन्हा उतरतो.

बहुतेक वेळा मिरचीच असते.